तिसरं नाव

बेगिमाय आणि एर्किनचे सात बाप म्हाताऱ्यांनी दोनदोनदा तपासले होते. तिच्या बापापासून वर सात पिढ्या, त्याच्या बापापासून वर सात. एक जरी माणूस दोन्हीकडे निघाला असता तर सोयरीक तिथंच मोडली असती. तसलं रक्त एकत्र आलं की पोरं धड निपजत नाहीत, हे इथल्या नारीन खोऱ्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. पण कोणी निघालं नाही. सगळे खूश. तरी या पोरीला स्वस्थ बसवेना! लग्नात भिंतीवर लावायला दोन्ही घराण्यांचा तक्ता करायचा, तोही जन्मसालांसकट, म्हणून बाई सरकारी दफ्तरखान्यात गेल्या. घ्या आता.

तिथल्या विवाहनोंदीत तिला पणजी सापडली, बातमा. मे १९३७, नवरा सिदिक, अलिमबेकचा मुलगा. जुलैत काडीमोड. ऑगस्टमध्ये पुन्हा लग्न, नवरा जुमाबेक, म्हणजे बेगिमायचा पणजोबा. आणि आजोबा कादिर जन्मले पुढच्याच फेब्रुवारीत. तिनं बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले. ऑगस्टपासून सहाच भरत होते. सिदिक हे नाव तिनं कालच तक्त्यात लिहिलं होतं, एर्किनच्या बाजूला. त्याचा पणजोबा. गाव तेच, बापाचं नावही तेच.

आजोबांची धाकटी बहीण सायराकान तेवढी हयात होती. उद्या एर्किनच्या घरचे बेगिमायच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करायला येणार, म्हणून ती शेवयांचं पीठ लाटत बसली होती. नोंदीची नक्कल पाहूनही तिचं लाटणं थांबलं नाही, आणि बेगिमायला त्याचीच जास्त भीती वाटली. म्हातारीला सगळं ठाऊक होतं. चाळिसाव्या दिवशी सिदिकला शिपाई घेऊन गेले, सरकारचा शत्रू म्हणून. पोटातल्या पोराला तो डाग नको, म्हणून बातमाच्या बापानं घाईघाईनं दुसरं लग्न उरकलं. तीन वर्षांनी सिदिक परत आला आणि त्यानं मुकाट्यानं दुसरा संसार थाटला.

"मग इतके दिवस तू गप्प कशी बसलीस, आत्याआजी?"

"आईनं शपथ घातली होती. आणि आता बोलावणी गेलीत. चुलीत घाल तो कागद. मेलेत सगळे, कोण सांगायला येतंय?"

"आणि उद्या माझी पोरं?"

म्हातारी पीठ लाटत राहिली.

बेगिमायनं कागद चुलीत घातला. एर्किनवर तिचा जीव होता, त्याच्यावाचून जगायची कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मटणाची ताटं फिरली. एर्किनचे आजोबा ओस्मोन मानाच्या जागी बसून सारखे तिच्याकडेच बघत होते. हिची हनुवटी तर आमच्याच घरातली दिसते, असं ते म्हणाले आणि सगळे खो खो हसले. सायराकान तेवढी हसली नाही. एर्किनच्या आईनं डुलांची डबी उघडली, तसा ओस्मोन यांनी हात वर केला.

"थांब जरा, सूनबाई. आधी पोरीच्या तोंडून तिचे सात बाप ऐकू दे. त्याशिवाय पोरगी घरात आणू नका, असं माझा बाप मरताना बजावून गेलाय."

कशासाठी बजावून गेला, ते तिथं बेगिमाय आणि सायराकान या दोघींनाच कळलं. दाराशी एर्किन उभा होता, तिला धीर द्यायला हसत होता.

"तलांत," ती म्हणाली. "कादिर."

तिसऱ्या नावापाशी ती अडली. सायराकान डोळ्यांनी तिला विनवत होती.

"सिदिक. अलिमबेकचा."

ओस्मोन यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त हात खाली आला. "तो माझा बाप, पोरी."

"माझ्या आजोबांचाही," बेगिमाय म्हणाली.

एर्किनच्या आईनं हळूच डबी मिटली.