पाणी मागणारी बॅटरी

ग्वेन पास्कबाईंचं पत्र फेब्रुवारीत आलं होतं. क्लबच्या मासिकात जुन्या मोटारींविषयीच्या शंकांना मी उत्तरं देतो, म्हणून माझ्या नावे. नवरा डेनिस गेला. त्याची अठ्ठावीस सालची छोटी मोटार तशीच उभी होती. ‘हँडल मारायला माझं मनगट साथ देत नाही. बटण दाबलं की हमखास चालू होईल, अशी बॅटरी कोणती? मेमधल्या क्लबच्या लडलो गावच्या सहलीला मी स्वतः गाडी नेली नाही, तर जावई ती विकणार आहे.’

प्रश्न सोपा होता. मी तीन प्रकारच्या बॅटऱ्या आणल्या आणि माझ्या तशाच गाडीला एकेक लावून पाहू लागलो. शेडमधून टेबलाशी, टेबलापासून पुन्हा शेडमध्ये. मार्च सरत आला.

“तिनं बॅटरी विचारलीय, प्रबंध नाही,” माझी बहीण म्युरिएल म्हणाली.

“चुकीचं सांगितलं तर?”

“आणि न सांगून काय बरोबर सांगतोयस?”

लिथियमची बॅटरी हलकी, चपळ. पण चढावर तिच्या आतल्या रखवालदार सर्किटनं एकदम वीज तोडली आणि गाडीचे दिवे उडाले. ती बाद. दुसरी बंद डब्याची; पाणी नको, देखभाल नको. पास्कबाईंसाठी हीच, असं ठरवून मी पाकिटावर तिकीटही चिकटवलं.

त्या रविवारी गॅरेजवाल्या रेजबरोबर लांब फेरी मारून आलो, तर उग्र वास. बॅटरीच्या कडा फुगलेल्या.

“कळ उन्हाळ्यावर केली होतीस ना, लायोनेल?” रेजनं विचारलं.

बॅटरी चार्ज करणाऱ्या या जुन्या डायनामोंना थांबणं ठाऊक नसतं. म्हणून समोर एक कळ असते: हिवाळ्यात पूर्ण चार्ज, उन्हाळ्यात अर्धा. मार्चअखेर उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे करायची, त्याच दिवशी आम्ही सगळे ती फिरवतो. घड्याळं सकाळी म्युरिएलनं पुढे केली होती. कळ हिवाळ्यावरच होती.

“वर्षानुवर्षं लोकांना हेच लिहितोस की रे,” रेज हसला.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या पद्धतीची, बुचांची बॅटरी बसवली. कळ मुद्दाम हिवाळ्यावर ठेवून टेकड्यांमधून दिवसभर हिंडलो. बॅटरी फुसफुसली, पाणी आटलं. बुचं काढून डिस्टिल्ड वॉटर घातलं. सकाळी बटण दाबताच गाडी सुरू.

“झालं तर मग. लिही,” रेज म्हणाला.

“पण पाणी घालायचं काम डेनिसचं असणार. तिनं तर बुचाला हातही लावला नसेल.”

“मग दाखव की जाऊन.”

हे त्यानं सहज म्हटलं. मला मात्र त्यावर एप्रिल निम्मा घालवावा लागला. कोणाच्या दारी जायचं म्हटलं की मी न जाण्याची कारणं शोधू लागतो.

अखेर लिहिलं: ‘पास्कबाई, पाण्याची घ्या. ती विसरणाऱ्यांना सांभाळून घेते. पहिल्यांदा बुचं उघडायला मी बुधवारी येईन, चालत असेल तर.’

म्युरिएलनं खांद्यावरून वाचलं. “ते शेवटचं ‘चालत असेल तर’ खोड.”

“असू दे.”

गल्लीच्या टोकाला टपालपेटी आहे. वाटेत मांडीवर काहीतरी आपटत होतं. डिस्टिल्ड वॉटरची बाटली कोटाच्या खिशात कधी टाकली, ते आठवेना. पेटीच्या तोंडाशी हात थांबला. मागून कोणी आलं, म्हणून बाजूला झालो, त्यांना आधी टाकू दिलं. मग पत्र सोडलं.

आत ते अलगद पडल्याचा आवाज आला.