तिसऱ्या भोकातली काडी

तनुजा कॅनडातून शिकून बजाजनगरला परतली, तेव्हा तिला वाटलं होतं की वडिलांच्या गॅरेजात वेल्डिंगला विजेची वेगळी लाइन असेल, गाड्यांना वेगळी. सापडलो मी एकटाच. होय, भिंतीवरचं करपल्या तोंडाचं सॉकेट बोलतंय, आणि आज मी गप्प बसणार नाही.

माझ्या खालच्या दोन भोकांतून वीज जाते. वरचं मोठं भोक अर्थिंगचं. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर तिला माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जायची ती वाट. माझ्या त्या भोकामागं तारच नाही. बसवणाऱ्यानं कंटाळा केला. वर त्यात आगपेटीची काडी खुपसून ठेवतात, कारण ती दाबली की खालची झडप उघडते आणि प्लग न लावता नुसत्या उघड्या तारा कोंबता येतात. जीव वाचवायची जागा, आणि तिथं काडी!

पुंजाराम, म्हणजे तनुजाचे वडील, वाळूजच्या कंपनीत वेल्डर होते. जोड असा देतात की बोट फिरवलं तरी लागत नाही. तोच माणूस माझ्याकडं मात्र कधी बघत नाही. बाप-लेकीनं जुन्या मिनीबसची कॅरव्हान करायला घेतली होती. आत पलंग, ओटा, फ्रिज. दसऱ्याला एक कुटुंब दोन लेकरांसह ती न्यायला येणार होतं. तनुजानं भिंतीवर खडूनं आखलं: इथं वेल्डिंगचं सॉकेट, तिथं कॅरव्हानचं, दोन्हींना स्वतंत्र ब्रेकर, मागं मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा. पुंजारामनं त्या रेघांवर प्लायवूड टेकवून ठेवलं. दसरा झाल्यावर बघू म्हणाले.

काल वेल्डिंग मशीनच्या तारा माझ्यात होत्या, कॅरव्हानच्याही माझ्यातच. तनुजाची आई आवडाबाई फरशी धुऊन, ओल्या पायांनी चहा घेऊन आली आणि तिनं कॅरव्हानच्या दाराला हात लावला. फ्रिजमधून गळलेली वीज सगळ्या पत्र्यात दबा धरून होती. गाडी रबरी चाकांवर, वाट कुठंच नाही. तिला आवडाबाई सापडली. कपबशा एकीकडं, बाई एकीकडं.

तनुजानं धावत जाऊन खटका पाडला. आवडाबाई उठून बसली, हात चोळत राहिली.

"मुंग्या आल्या नुसत्या. लई नाय."

"झटका बसतोच गं कधीमधी," पुंजाराम म्हणाले. "इतकी वर्षं काय झालं नाय."

"नाना, दसऱ्याला त्या दाराला लेकरं लोंबकळतील," तनुजा बापाला म्हणाली.

ते पडलेल्या कपबशा उचलू लागले. पण काडी काढायला कुणी उठलं नाही. याचा मला संताप आहे. झटका विसरायला तुम्हाला एक चहा पुरतो!

घरी जाल तेव्हा माझ्या भावंडांकडं बघा. त्यांच्या तिसऱ्या भोकामागं तार आहे का, एवढं तरी कुणाला तरी विचारा.

आज सकाळी तनुजानं गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की गाडी दसऱ्याला मिळणार नाही. पुंजाराम पाठ फिरवून बसले, बाजारात नाव जाईल म्हणाले. तिनं प्लायवूड ओढून बाजूला केलं, खडूच्या रेघा पुन्हा गिरवल्या आणि मागं जाऊन पहार मारायला लागली. थोड्या वेळानं आवडाबाई स्वयंपाकघरातली मिठाची बरणी घेऊन खाली आली. खड्ड्याच्या काठावर ठेवली.

तेवढ्या मिठानं काय होणार! पण पुंजारामनं बरणीकडं पाहिलं, आणि मग मिठाचं पोतं आणायला गाडीची किल्ली शोधू लागले.

तनुजा माझ्यापाशी आली. मेन स्विच बंद असल्याची दोनदा खात्री केली, काडी उपटून फेकली आणि माझ्या पहिल्या स्क्रूला पेचकस लावला.