धुळाप्पांची झेन

शुक्रवार पेठेत नुसतं ‘धुळाप्पा’ म्हणून विचारलंत तर चार जण डोकं खाजवतील. ‘झेनवाले धुळाप्पा’ म्हणा, कुणीही दारापर्यंत आणून सोडेल. त्र्याण्णव सालची लालभडक झेन, पण पत्र्यावर ना ओरखडा, ना गंजाचा ठिपका. अंगानं एवढीशी, पण सिग्नल सुटला की कालपरवाच्या कोऱ्या गाड्या मागं टाकायची. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात धुळाप्पांना शाल-श्रीफळ मिळालं, त्याचा फोटो बैठकीत देवांच्या वर लागला.

आता खरं सांगायचं तर धुळाप्पांना गाडीतलं काडीचं कळत नव्हतं. जन्म शाळेत कारकुनी करण्यात गेलेला. बॉनेट उघडायचा खटका कुठं असतो तेसुद्धा ते चाचपून शोधत. गाडी ठेवली होती त्यांच्या लेकीनं, ऋतुजानं. गल्लीच्या तोंडाशी लालसाब मिस्त्रींचं गॅरेज. दहावीच्या सुट्टीत ती तिथं जाऊन उभी राहायला लागली, ती कायमचीच. लालसाबना दिसायला कमी झाल्यापासून ते स्टुलावर बसून नुसता इंजिनचा आवाज ऐकत आणि पोरगी कार्बोरेटर खोलत असे.

“धुळाप्पा, काय गाडी ठेवलीय हो!” असं कुणी म्हणालं की धुळाप्पा मिशीत हसत, “जीव लावावा लागतो.” यात खोटं काही नव्हतं. फक्त जीव कुणाचा, ते सांगायचं राहून जायचं. आधी राहून गेलं, मग सवय लागली, आणि शाल अंगावर पडल्यावर तर सांगायची चोरीच झाली.

शिवाय दोन स्थळं परत गेली होती. “पोरगी मिस्त्रीकाम करते म्हणं,” एवढ्यावरून. आता तिसरं आलं होतं माळशिरसचं. मुलगा बिरुदेव, साखर कारखान्यात लिपिक. फोटो पाहून ऋतुजानं नाक मुरडलं नव्हतं, हे विशेष. हे स्थळ हातचं जाता कामा नये, हा एकच विचार धुळाप्पांच्या डोक्यात होता.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी लेकीचे हात पाहिले. नखांच्या कडांत काळं, बोटांच्या पेरांत काळं. लिंबू झालं, रॉकेल झालं, भांड्याची पावडर झाली. काळं हटेना.

“मेंदी काढा,” धुळाप्पा बायकोला म्हणाले. “लई गडद. नखं बी भरा.”

“अप्पा, कशाला?” ऋतुजा म्हणाली. “विचारलं तर सांगू की खरं.”

“लगीन झाल्यावर सांग. आधी न्हाय.”

“आणि गाडी?”

“गाडी मी ठेवतो म्हणून सांगणार हाय.”

ती बापाकडं बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात आईपुढं केले. तिनं चार शब्द सुनावले असते तर धुळाप्पांना बरं वाटलं असतं.

रविवारी पाहुणे आले. मुलाची आई केराबाई, आत्या आणि स्वतः बिरुदेव. नवरा गेल्यावर केराबाईनं शंभर मेंढरं राखून पोराला शिकवलं होतं. उंच बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बिरुदेव दारातच थबकला आणि झेनभोवती दोनदा फिरला.

“एवढी कुणी ठेवलीय हो?”

“मीच की,” धुळाप्पा म्हणाले. मिशीत हसायला मात्र आज जमलं नाही.

ऋतुजा शेंगापोळ्यांचं ताट घेऊन आली. आत्याबाईंची नजर ताटावरून हातांवर गेली आणि तिथंच खिळली.

“मेंदी? बघायच्या दिवशी?”

“शेजारी लगीन हुतं,” धुळाप्पा म्हणाले.

“माझ्या बहिणीच्या लेकीचं होतं,” त्याच क्षणी त्यांची बायको महानंदा म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आत्याबाईंनी पिशवी उचलली. “वैनी, उठा. पोरीचं कुटंतरी ठरून मोडलंय. मेंदी काढून झाल्यावर मोडलंय, म्हंजे इचार करा!”

धुळाप्पा काळं लपवायला गेले आणि लेकीच्या नावाला काळं लागायची वेळ आली! ऋतुजा ताट धरून उभी होती. एका शब्दात तिला सगळं उलगडता आलं असतं. पण ती फक्त बापाकडं बघत होती, आणि धुळाप्पांना कळलं की हे त्यांचंच काम आहे.

“अक्का, थांबा,” ते म्हणाले. “मेंदीखाली ग्रीस हाय.”

“काय हाय?”

“ग्रीस. गाडीचं. ती गाडी मी ठेवत न्हाय. मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाय. हिनं ठेवलीय, माझ्या ऋतूनं. तो फोटो दिसतोय न्हवं, ती शाल बी हिचीच हाय, मी चोरलीय. तुमी नको म्हनाल म्हनून हिचं हात झाकलं मी. हिची लाज न्हवती ओ. लोकांचं भ्या हुतं.”

बोलून झालं आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की स्थळ गेलं तर गेलं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

केराबाईनं ताट काढून घेतलं. पोरीचा हात ओढून नाकाशी धरला.

“रॉकेलचा वास येतोय अजून,” ती म्हणाली आणि खो-खो हसत सुटली. “आगं, मला बघाया आलं तवा मेंढरांचा वास जावा म्हनून आईनं मला तीनदा न्हाऊ घातलं हुतं! चल, गाडीत बसीव मला. बघू तर कशी ठेवलीय.”

आत्याबाई “मी न्हाय येनार” म्हणत सगळ्यांच्या आधी मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

ऋतुजा झेन घेऊन गावातल्या तळ्याला वळसा घालून आली तेव्हा केराबाईचा पदर खांद्यावर आला होता आणि आत्याबाई “आनि एकदा!” म्हणत होत्या.

“पाव्हणं, पोरगी आमाला पसंत हाय,” केराबाई म्हणाली. “आता आमचं पोरगं तिला पसंत हाय का, ते तिला इचारा.”

ऋतुजानं किल्ली बिरुदेवपुढं धरली. “एक चक्कर मारा.”

ती शेजारी बसली. रीत म्हणून धुळाप्पा मागं. गल्लीतून गाडी बाहेर काढतानाच बिरुदेवच्या मानेवर घाम आला. सात रस्ता चौकाच्या अलीकडं ऋतुजा त्याच्याशी पहिलं वाक्य बोलली.

“क्लचवर पाय ठेवून चालवू नका. प्लेट झिजते.”

धुळाप्पांनी डोळे मिटले. होणाऱ्या नवऱ्याशी पहिलं बोलणं, आणि तेही असं! झालं, तेलही गेलं, तूपही गेलं.

डोळे उघडले तेव्हा बिरुदेवनं डावा पाय मुकाट्यानं बाजूला घेतलेला होता.

“असा?” त्यानं विचारलं.

“असा.”

“आनि गिअर?”

“तिसरा लवकर टाकताय. इंजिनचा आवाज ऐका, तेच सांगतं.”

“मला न्हाय ऐकू येत ते.”

“बरंच शिकवावं लागेल तुम्हाला,” ऋतुजा म्हणाली.

“शिकवा की,” बिरुदेव म्हणाला. “मला काय, तीस-चाळीस वर्सं वेळच वेळ हाय.”

ऋतुजा खिडकीकडं तोंड करून हसायला लागली. पुढचा सिग्नल हिरवा झाला.

“दाबू का जरा?” त्यानं विचारलं.

“दाबा,” ती म्हणाली. “अप्पा, धरून बसा.”

अप्पांनी धरलं नाही. त्यांचे दोन्ही हात डोळे पुसण्यात गुंतले होते.