दोन मेंढ्यांचा दिवस

मी मागच्या वर्षाचं कॅलेंडर बोलतोय. मागच्या वर्षाच्या कॅलेंडरला कोणी विचारत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बोलणार. माझ्या अंगावर एका माणसाचं अख्खं वर्ष लिहिलेलं आहे. ते वर्ष खोटं ठरवायला काही लोक निघाले होते. म्हणून बोलणं भाग आहे.

माझा जन्म वॉरेगल गावच्या छापखान्यात झाला. बारा पानं, बारा मेंढे. दर महिन्याला एक मेंढा, शिंगं वळवून ऐटीत उभा. खाली नाव, 'हॅन्ली आणि मुलगा, खाटीक'. वर एक भोक, खिळ्यासाठी.

मी विकत मिळत नाही. पैसे मोजून मला कोणी नेऊ शकत नाही. नाताळच्या आधीच्या शनिवारी म्हातारा हॅन्ली उधारीची वही उघडतो. ज्याच्या नावापुढे काही बाकी नाही, त्याला मांसाच्या पुडक्याबरोबर कॅलेंडर. ज्याची बाकी आहे, त्याला नुसतं मांस. गावात कोणाच्या स्वयंपाकघरात मी लटकतोय आणि कोणाच्या नाही, हे बायका बरोबर बघून ठेवतात.

मला क्लेम हॅलोरननं नेलं. सलग एकोणिसावं वर्ष.

क्लेम मेंढ्यांची लोकर कातरतो. उंच, पाठीत थोडा वाकलेला, बोलायला कमी. शाळा त्यानं बाराव्या वर्षी सोडली. बायको लिनेट चार वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि मुलगी ब्रॉनीला घेऊन आपल्या बहिणीच्या गावी राहायला गेली. ब्रॉनी आता अकरा वर्षांची. ते गाव दीडशे किलोमीटरवर. मध्ये ना बस, ना रेल्वे. क्लेमची जुनी मालवाहू मोटार तेवढी. एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी तो त्या गाडीनं मुलीला आणतो आणि रविवारी पोचवतो.

त्यानं मला खिळ्याला लावलं, दोरीला पेन्सिल बांधली आणि कामाला लावलं. दिवसाच्या चौकोनात त्या दिवशी कातरलेल्या मेंढ्यांचा आकडा. शुक्रवारी लिनेटला पोटगीचे ठरलेले एकशेऐंशी डॉलर पाठवले की आकड्याखाली एक रेघ. ब्रॉनी घरी झोपली त्या तारखेभोवती गोल. बस, एवढंच. त्यानं माझ्यावर दुसरा एक शब्दही लिहिला नाही.

गोल मात्र ब्रॉनी स्वतः काढायची. मे महिन्याच्या मेंढ्याची शिंगं तिनं जांभळी केली. क्लेम म्हणाला, "मेंढा बिघडवलास."

"बाबा, तो आधी जास्त बिघडलेला होता."

क्लेम हसला नाही. पण मे संपल्यावरही आठ दिवस त्यानं पान उलटलं नाही. त्या आठ दिवसांचे आकडे जूनच्या पानावर त्यानं पान थोडं वर उचलून लिहिले.

दूरच्या एखाद्या लोकर कातरायच्या शेडवर काम असलं की क्लेम आठवडा आठवडा तिथंच राहतो. तेव्हा मी गाडीत, सीटच्या मागे, गुंडाळी होऊन. तिथं पोचलो की कामगारांच्या खोलीत त्याच्या खाटेवर लटकायचो. त्याचा जोडीदार कर्ली पहिल्याच दिवशी ओरडला, "बघा रे, बायको गेली आणि हा कॅलेंडर घेऊन हिंडतोय! रात्री पांघरूण घालतोस का त्याला?" कर्लीच्या डोक्यावर एक केस नाही, म्हणून त्याचं नाव कर्ली, म्हणजे कुरळ्या.

"तुझ्यापेक्षा कमी घोरतं," क्लेम म्हणाला.

माझ्यावर काही चौकोनांत नुसता '२' आहे. एकशेसाठ, एकशेपंचावन्न, एकशेसत्तर, आणि मध्येच दोन. त्यामागची गोष्ट अशी. सकाळी मेंढ्या दमट वाटल्या, तर प्रत्येकानं दोन मेंढ्या कातरून बघायच्या. ओल्या लोकरीत दिवसभर हात घातला की सांधे धरतात, अंगावर फोड येतात, असं सगळे सांगतात. दोन झाल्या की मशीन बंद. प्रत्येकानं चिठ्ठी लिहून टोपीत टाकायची, ओली की कोरडी. ओल्या जास्त निघाल्या की त्या दिवशी काम नाही. काम नाही म्हणजे मजुरीही नाही. मिळाले तर दोन मेंढ्यांचे.

क्लेमनं जन्मात 'ओली' लिहिलं नाही. सांध्यांपेक्षा त्याला दिवसाची मजुरी प्यारी. पण टोपीत बहुमत चालतं. तो मुकाट्यानं येऊन माझ्यावर '२' लिहायचा. पेन्सिल जरा जास्तच दाबायचा. अशा दिवसांचे आकडे मागच्या बाजूनं बोटाला लागतात.

वर्ष संपलं. जागा नव्या कॅलेंडरनं घेतली. मला गुंडाळून कपाटाच्या डोक्यावर टाकलं. माझ्याबद्दल तक्रार नाही. माझ्या आधीच्या अठरांचं काय झालं, मला माहीत आहे. क्लेम त्यांची पानं फाडून कातरायच्या मशीनच्या दातेरी फण्या गुंडाळतो. माझंही जानेवारीचं पान गेलं. वाटलं, आता एकेक करत संपायचं.

मार्चमध्ये पोलिसाच्या हातून पत्र आलं. टपालानं आलं असतं तर क्लेमनं उघडलंच नसतं. पोटगीच्या ऑफिसची तपकिरी पाकिटं तो बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. बंदच. डबा भरला होता. हा त्याचा दोष. लपवत नाही.

त्यानं पत्र टेबलावर ठेवून बोट फिरवत वाचलं. वेळ लागला. मग कर्लीला बोलावलं आणि त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. थकबाकी चौदा हजार तीनशे बारा डॉलर. अठ्ठावीस दिवसांत भरा, नाहीतर गाडी जप्त.

"चौदा हजार?" कर्ली म्हणाला. "अरे, तू काय वर्षभर सोन्याच्या मेंढ्या कातरत होतास?"

त्यांनी बिस्किटाचा डबा उपडा केला. सगळी पाकिटं फोडली. तेव्हा उलगडा झाला. क्लेमनं वर्षाची कमाई कळवलीच नव्हती. म्हणून ऑफिसनं एका शेडमालकाकडून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सात आठवड्यांची मजुरी मागवली होती. ते सात आठवडे म्हणजे ऐन हंगाम. कोरडी हवा, एक दिवस सुटी नाही. ती कमाई धरून त्यांनी बावन्न आठवडे तसेच लावले. त्यावर पोटगी ठरवली. आणि मुलगी बापाकडे किती रात्री राहते, या प्रश्नापुढे शून्य. कारण तो फॉर्म डब्यात कोरा पडला होता.

"गाडी गेली तर शेडवर कसा जाणार?" कर्ली म्हणाला.

"शेडचं सोड," क्लेम म्हणाला. "शुक्रवारी तिला आणायचं कशानं?"

तो उठला, कपाटावर हात घातला आणि मला खाली ओढलं. धूळ झटकली. पानं उलटली. फेब्रुवारीपासून सुरुवात. जानेवारी नाही.

दोघांनी घर पालथं घातलं. शेवटी जानेवारी हत्यारांच्या पेटीत सापडला, तीन फण्यांभोवती घट्ट गुंडाळलेला, लोकरीच्या तेलानं पारदर्शक झालेला. पण आकडे दिसत होते. तेलामुळे उलट जास्त काळे. क्लेमनं तो टेबलावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर चार फण्या ठेवल्या.

मग कर्ली माझी पानं उलटत ऑगस्टवर थांबला.

"इथं तीन शुक्रवारी रेघ नाही."

"नाही."

"पैसे पाठवले नव्हतेस?"

"नाही."

"का?"

क्लेमनं जानेवारीवरची एक फणी सरळ केली. "घोड्यांवर लावले," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यात हरलो. पुढचे दोन ते परत मिळवायला."

हेही मला माहीत होतं. त्या तीन शुक्रवारी तो माझ्यासमोर यायचा, पेन्सिल हातात घ्यायचा आणि सोडून द्यायचा. पेन्सिल दोरीला हलत राहायची.

कर्लीनं तीच पेन्सिल उचलली. नवीन कॅलेंडरवर तिचीच बदली झाली होती. "तीन रेघा. तीच पेन्सिल, तोच हात. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"ठेव ती."

"अरे, चौदा हजारांपुढे हे काय? तीन रेघा आणि गाडी वाचली!"

"ठेव म्हणतो ना." क्लेमचा आवाज चढला नाही. "खोटी एक रेघ मारली की बाकीच्या सगळ्या खोट्या होतात. माझ्याकडे याच्याशिवाय दुसरा कागद नाही."

कर्लीनं पेन्सिल ठेवली. "हट्टी म्हाताऱ्या," तो पुटपुटला. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायला पेट्रोल त्यानंच भरलं.

क्लेमनं मला पाव गुंडाळायच्या कागदात बांधलं आणि काखेत धरलं. कपडे धुतलेले, बूट पुसलेले. ऑफिसात त्याची गाठ वेरा पावलिच या बाईंशी पडली. चष्मा गळ्यात, मान ताठ.

"हरकत घ्यायची मुदत केव्हाच संपली, मिस्टर हॅलोरन," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल आम्ही चार पत्रं पाठवली."

"पाठवलीत. मी उघडली नाहीत. चूक माझी."

बाईंनी मान वर केली. अशी वाक्यं त्या खुर्चीसमोर फार येत नसावीत.

"मग आता काय म्हणणं आहे?"

"आकडा चुकला आहे. जे देणं लागतो ते शेवटच्या सेंटपर्यंत देईन. जे लागत नाही, त्यातला एक सेंट देणार नाही. मोजा."

त्यानं मला टेबलावर उलगडलं. बाईंनी जांभळ्या शिंगांचा मेंढा पाहिला आणि ओठ दाबले.

"हे खाटकाचं कॅलेंडर आहे."

"हो. त्याच्याकडे बाकी असणाऱ्याला ते मिळत नाही. विचारा हवं तर."

"मिस्टर हॅलोरन, घरी बसून कोणीही आकडे लिहू शकतं. याला पुरावा म्हणत नाहीत."

"मग वाचू नका. मी बसतो इथं." आणि तो बसला. हात गुडघ्यांवर. बाईंनी दोन फोन घेतले, एक फाईल लावली. तो हलला नाही. शेवटी त्यांनी चष्मा चढवला आणि मला स्वतःकडे ओढलं.

बराच वेळ पानं उलटून झाल्यावर त्यांचं बोट थांबलं. "हे काय? दोन? दिवसभरात दोन मेंढ्या?"

क्लेमनं सांगितलं. दमट सकाळ, दोन मेंढ्या, चिठ्ठ्या, टोपी. तो आयुष्यात एका दमात इतकं बोलला नसेल.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खोटं लिहायचं असतं तर तुम्ही शून्य लिहिलं असतं."

"शून्य कसं लिहू? दोन कातरल्या होत्या. त्यांचे पैसे घेतले होते."

बाईंनी माझ्यावरून एक तारीख निवडली आणि त्या शेडच्या मालकाला फोन लावला. त्यानं आपली वही काढली. हॅलोरन, दोन. दुसरी तारीख, दुसरी शेड. हॅलोरन, दोन. तिसरीला मालक वैतागला, "अहो बाई, अख्ख्या शेडच्या दोन-दोनच आहेत त्या दिवशी! टोपीतून ओली निघाली. माझी मेंढरं कातरणीसाठी दोन दिवस उपाशी कोंडून होती, त्याचं कोणी ऑफिस उघडलंय का?"

मग त्यांनी मोजलं. कामाचे पूर्ण दिवस एकशेएकोणीस. दोनचे दिवस अडतीस. बाकीच्या दिवशी काम नाही. गोल अठ्ठावन्न, शाळेच्या सुट्टीतले जास्तीचे धरून. प्रत्येक पानावर त्या पेन्सिलनं बारीक खूण करत होत्या. ऑगस्टवर त्यांचं बोट पुन्हा थांबलं.

"या तीन रेघा राहिल्या का?"

"राहिल्या नाहीत. पैसे दिले नाहीत."

शेवटचा फोन लिनेटला. बाईंनी तो क्लेमलाही ऐकू येईल असा लावला. लिनेटनं आधी फोनचं कारण विचारलं. मग म्हणाली, "ऑगस्टचे तीन हप्ते बुडवले त्यानं. ब्रॉनीचे बूट मी बहिणीच्या पैशांनी घेतले. लिहून ठेवा."

"लिहिलं आहे," बाई म्हणाल्या. "त्यांनीच."

मग लिनेटचा आवाज जरा उतरला. "बाकीचे सगळे मिळाले. आणि चौदा हजार मी मागितलेले नाहीत. क्लेम, तू आहेस का तिथं?"

"आहे."

"पत्रं उघडत जा, गाढवा."

"उघडीन."

बाईंनी हरकत लिहून घेतली. मुदत संपलेली असतानाही का घेतली, तेही कारणासह लिहिलं. माझ्या प्रत्येक पानाच्या मागे शिक्का मारला. तेलकट जानेवारीवर शिक्का बसेना, तीनदा मारावा लागला. सहा आठवडे मी त्यांच्या फायलीत राहिलो. तोवर जप्ती थांबली. मेमध्ये उत्तर आलं. तपकिरी पाकीट. क्लेमनं दारातच फोडलं.

खऱ्या कमाईवर पोटगी आठवड्याला एकशेऐंशीच ठरली होती. थकबाकी सहाशे अकरा डॉलर. तीन हप्त्यांचे पाचशे चाळीस, वर उशिराचा दंड एकाहत्तर.

कर्ली म्हणाला, "दंडावर भांड. तेवढं सोडतील."

"दंड माझा आहे," क्लेम म्हणाला. त्याच दुपारी जाऊन पैसे भरले.

मी परत घरी आलो. आता कपाटावर नाही. नव्या कॅलेंडरच्या मागे, त्याच खिळ्याला. माझ्यावर ऊन पडत नाही, मला कोणी बघत नाही, पण मी भिंतीवर आहे. मागच्या वर्षाच्या कॅलेंडरला याहून मोठा मान नाही.

त्या शुक्रवारी अंगणात गाडी वाजली. ब्रॉनी आत आली, नव्या कॅलेंडरवर गोल काढला आणि मला बघायला ते वर उचललं. ऑगस्टपर्यंत आली.

"बाबा, इथं तीन रेघा नाहीत."

"त्या तीन वेळा मी चुकलो."

"पण आता पैसे दिलेस ना? मग मी काढू?"

"नाही. पैसे मेमध्ये दिले. रेघ मेमध्येच."

त्यानं तिच्या हातातून पेन्सिल घेतली, माझ्यावर नवं कॅलेंडर नीट बसवलं आणि त्याच्या मे महिन्यात, पैसे भरले त्या तारखेखाली, तीन रेघा मारल्या. दाबून. मला त्या पाठीवर जाणवल्या.

माझं एवढंच सांगणं. ज्या दिवशी जे झालं, ते त्याच दिवशी लिहा. दोन झाल्या तर दोन. काही नाही दिलं तर जागा कोरी सोडा, आणि ती नंतर भरू नका. माझे तीन शुक्रवार अजून कोरे आहेत. माझ्या बाकीच्या रेघा त्यांच्याच जोरावर खऱ्या ठरल्या.