ख्रिसमस ट्रीचं गाऱ्हाणं

नारळ सोलता सोलता श्यामकांत परब तिसऱ्यांदा थांबले. आधी त्यांनी घड्याळ पाहिलं, मग गेट. गेटवर सोसायटीचा फलक होता: ‘आमचं झाड, आमचा प्राण’. त्याखाली अर्धं बोरिवली मोबाईल उंचावून उभं होतं.

तीन मजली इमारतीच्या दीडपट उंच असलेलं हे ख्रिसमस ट्री सोसायटीतल्याच फिलोमिनाच्या वडिलांनी लावलेलं. दर चोवीस डिसेंबरला गोराईहून कुंडलिक यायचा आणि शेंड्यावर चांदणी बांधायचा. एरवी तो नारळ उतरवत असे. एका वर्षी अर्ध्यावरून घसरला, तेव्हापासून श्यामकांतांनी मालवणी गाऱ्हाणं घातल्याशिवाय तो झाडाला पाय लावत नसे. येशूची याला हरकत असल्याचं अजून तरी कोणी कळवलं नव्हतं.

“अहो, आटपा ना!” बायको, जयंती, कुजबुजली. “डिसेंबरात घाम कसला येतोय?”

“नारळ कडक आहे.”

“नारळ की मंगळवार?”

श्यामकांतांनी चटकन इकडेतिकडे पाहिलं. मंगळवारी बिल्डरचा माणूस घरी येऊन गेला होता. त्याच्या नकाशात झाडाच्या जागी पार्किंगचा रॅम्प होता आणि श्यामकांतांच्या वाट्याला एक जास्तीची खोली. संमतीपत्रावर सही करताना त्यांनी दाराला कडी घातली होती. सोसायटीच्या सभेत झाडासाठी सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडले होते. अर्थात, बाकीचेही कमी ओरडले नव्हते.

“श्याम, सुरू कर रे!” फिलोमिना खुर्चीतून म्हणाली. “पब्लिक पकली.”

श्यामकांतांनी नारळ बुंध्याशी ठेवला, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी सोसायटी गरजली.

“ह्या कुंडलिकाक सुखरूप वर ने, सुखरूप खाली हाड!”

“व्हय म्हाराजा!”

“पोराबाळांक सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

उरलं एकच वाक्य. इतकी वर्षं ते आपोआप बाहेर पडायचं. आज श्यामकांतांनी डोळे गच्च मिटले.

“आणि फुडल्या वर्सा, हीच लेकरा, ह्याच झाडाखाली, तुझी सेवा करतली रे म्हाराजा!”

कोणी काहीच म्हणालं नाही.

त्यांनी डोळे उघडले. सेक्रेटरी मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या नमितानं मुलाच्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. फिलोमिना चष्मा पुसत होती. बराच वेळ पुसत होती.

“व्हय म्हाराजा,” कुंडलिक एकटाच म्हणाला, आणि झाडावर चढायला लागला.