प्रयोजन: रोजचं

जमीन विकत घेतल्यावर शहाणा माणूस आधी हद्द बघतो, मग विहीर बघतो आणि मग शेजाऱ्याच्या ओटीवर बसून चहा पितो. अजेयने पाटी लावली.

'कातळमित्र आरोहण केंद्र. प्रवेश नियंत्रीत आहे. स्थानीकांनी नोंद करने आवश्यक.'

सकाळी सातला हातात कोयती घेऊन आलेल्या अनुसूयाबाई त्या पाटीसमोर थांबल्या. चौलच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी पिशवीत खडू असायचाच. तीन वाक्यांत तीन चुका! त्यांनी खडू काढला, तिन्ही शब्दांवर काट मारली, वर शुद्ध रूपं लिहिली आणि मगच फाटकाकडे वळल्या.

फाटकापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर निळी टोपी घालून भागोजी बसला होता. गावातलाच, पन्नाशीचा, बाईंचाच विद्यार्थी. चौथीत दोनदा नापास. पुढ्यात जाडजूड रजिस्टर: नाव, वेळ, प्रयोजन.

"बाय, येवढं नाव घाला."

"बाय नव्हे, बाई. आणि नाव कशाला?"

"सायबांनी सांगितलाय. नाव घातल्याबिगर कुनाला सोडायचा न्हाय."

"न्हाय नव्हे, नाही. भागोजी, या वाटेने माझ्या सासूची सासू गेली. मी माझ्याच वाटेवर हजेरी लावू? तुझ्या साहेबाला सांग, बाई नाव घालत नाहीत."

असं म्हणून त्या फाटकाच्या कडेने आत शिरल्या. भागोजीने डोकं खाजवलं. दगड तो दगडच, असं बाईंच्या मनात आलं. तो चौथीत असतानाही हेच यायचं.

वाट म्हणाल तर दोन हात रुंद. घारकड्याच्या पायथ्याने ती झऱ्याच्या टाक्यापर्यंत जाते. टाक्यातून निघालेला पाट खाली सहा वाड्यांना पाणी देतो. प्रत्येक वाडीची पाळी ठरलेली. पाळीच्या दिवशी आपण जाऊन पाटातली माती बाजूला करायची आणि पाणी आपल्याकडे वळवायचं. बाई पाळी असो नसो, रोज जात. शेजाऱ्यांनी आपलं पाणी तोडलं तर? माणसांविषयी त्यांचं मत एकंदरीत असंच होतं. पण वाडीत साडेचारशे पोफळी होत्या, नवऱ्याने हाताने लावलेल्या, आणि पोफळीला पाणी चुकलं की ती रुसत नाही, मरते.

टाकं सरकारी होतं. वाट मात्र पुतण्याच्या जमिनीतून जायची. पुतण्या धनेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या धंद्यात शिरून गबर झाला होता. त्याने कडा विकला आणि महिन्याने फोन केला.

"खडकच होता काकू. काय पिकणार त्यात?"

"पाणी पिकत होतं, गाढवा," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

घेणारे मुंबईचे, अजेय आणि त्याची गिर्यारोहकांची संस्था. संस्थेला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून सातबाऱ्यावर अजेयच्या शेतकरी सासऱ्याचं नाव चढलं. दर शनिवारी ही मंडळी रो-रो बोटीने गाड्या घेऊन यायची. रंगीत दोर, कमरेला खुळखुळणाऱ्या कड्या आणि चेहऱ्यावर हिमालय जिंकल्याचा भाव. वास्तविक घारकडा कुठून चढायचा हे गावातल्या शेळ्यांना ठाऊक होतं. पण शेळ्यांना फोटो काढता येत नाहीत.

यांनी कड्याच्या प्रत्येक भेगेला नाव दिलं होतं. वर्षानुवर्षं नुसतीच भेग म्हणून सुखाने राहिलेल्या भेगेला आता 'मान्सून डिलाइट' म्हणायचं. क्षिप्रा नावाची मुलगी गावकऱ्यांशी संबंध ठेवायला नेमली होती. तिने एकदा बाईंना कौतुकाने दाखवलं, "आणि आजी, हा रूट तुमच्या नावाने! 'खडूस आजी'."

"कठीण आहे का?"

"नाही, अगदी सोपा. नवशिक्यांसाठी."

खडूस म्हटल्याचा बाईंना राग आला नाही. सोपा म्हटल्याचा आला.

मग नियम निघाले. कड्याखालून जाताना हेल्मेट सक्तीचं. गावातल्या जनीने डोक्यावरचा लाकडांचा भारा दाखवून विचारलं, "ह्याच्या वर घालू का खाली?" क्षिप्राने नियमांचा कागद उलटसुलट करून पाहिला. तरी गाव मुकाट्याने रजिस्टरात नावं घालत राहिला. भागोजी लिहायचा, लोक मान डोलवायचे. बाईंना या मेंढरांचा तिटकारा आला. आपल्या वाटेवर आपलीच हजेरी देताना एकाच्याही कपाळावर आठी नाही! त्या रोज भागोजीसमोरून ताठ मानेने जात आणि रोज ऐकवीत, "बाई नाव घालत नाहीत."

"व्हय बाय," भागोजी म्हणायचा.

शिमगा झाला आणि फाटकाला कुलूप लागलं. कड्यावर नव्या खुंट्या मारायच्या होत्या, दगड पडतील म्हणे. पुढील सूचनेपर्यंत स्थानिकांनी मोबाइलवरून आगाऊ पास काढावा. जनीकडे मोबाइल नव्हता. बाईंकडे होता, पण पास काढायची लाज होती. रस्त्याने वळसा घालून टाक्याला जायचं तर सहा किलोमीटर, आणि शेवटची चढण काट्यांतून. बाई दोनदा गेल्या, तिसऱ्यांदा घसरून पडल्या. आठ दिवसांत वाडीच्या वरच्या अंगाच्या झावळ्या पिवळ्या पडल्या. त्या दिवशी बाई पोफळीला टेकून रडल्या, आणि डोळे पुसून अर्ज लिहायला बसल्या.

अर्ज झकास झाला. मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली वहिवाटीची वाट अडवल्याबद्दल सहा वाड्यांच्या वतीने अर्ज, एकही शुद्धलेखनाची चूक नाही. शेवटी बाईंनी अभिमानाने लिहिलं: 'सदर रजिस्टरात मी एकदाही नाव घातलेले नाही.'

अलिबागला तहसीलदारांसमोर सुनावणी लागली. अजेय वकील आणि रजिस्टर दोन्ही घेऊन आला. रजिस्टर त्याने मुंजीत बटू मिरवतात तसं पुढे केलं.

"सर, आम्ही किती शिस्तीने मॅनेज करतो बघा. जो आत गेला तो आमच्या परवानगीने गेला. वहिवाट वगैरे काही नाहीच."

तहसीलदारांनी पहिलं पान उघडलं. गडी सावकाश वाचणारा होता.

"परवानगी हा शब्द कुठे दिसत नाही. प्रयोजनात तुमच्या लोकांपुढे 'क्लाइंबिंग' आहे. या जनीपुढे 'रोजचं'. याच्यापुढेही 'रोजचं'. हे कोणी लिहिलं?"

दाराशी टोपी हातात धरून उभा असलेला भागोजी पुढे आला. "मी सायेब. त्यांना इचारलं, कशाला चाललाव? ते बोलले, रोजचा हाय. मी लिव्हलं."

"फाटक कधी लागलं?"

"पयल्या पानाच्या दिवशीच, सायेब."

तहसीलदारांनी अजेयकडे पाहिलं. "म्हणजे फाटक लागलं त्या पहिल्याच दिवशी यांचं जाणं रोजचं होतं. तुमच्याच माणसाने, तुमच्याच रजिस्टरात लिहिलंय."

अजेयचं तोंड पाहण्यासारखं झालं. बाईंनी ते पोटभर पाहून घेतलं.

पण वकील कच्चा नव्हता. "साहेब, ज्यांची नोंद आहे त्यांचं ठीक. मुख्य अर्जदार अनुसूयाबाईंची एकही नोंद नाही. त्यांनी स्वतःच अर्जात तसं लिहून दिलंय. त्यांची वाडी या वाटेवर अवलंबून असती तर नाव नसतं का?"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. स्वतःच्या अक्षरात, एकही चूक न करता, त्यांनी स्वतःचीच वाट बुजवली होती. मेंढरं सुटली आणि खाटकासमोर उभ्या राहिल्या त्या बाई.

तहसीलदार पानं उलटत होते. "ही कोण? रोज सात वाजता. आन... आनसुया बाय. रोजचं. रोजचं. हीसुद्धा रोजचं."

बाईंनी पुढे होऊन पान पाहिलं. वेडीवाकडी अक्षरं, रेघेबाहेर गेलेली. 'आनसुया बाय.' पानापानावर, एकाहत्तर वेळा, एकच चूक. चौथीत असताना पाटीवर हेच लिहून आणलं होतं याने. वर्गासमोर कान धरून उभं केलं होतं त्याला, आणि सगळा वर्ग हसला होता.

"तू लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

भागोजी खाली बघत पुटपुटला, "तुमी घालत नवता. नोंद चुकली तं सायेब मना काढतील. म्हनून मीच लिव्हत व्हतो."

"साहेब," वकील म्हणाला, "अर्जदाराचं नाव अनुसूया आहे. हे नाव वेगळं आहे."

"बाई," तहसीलदारांनी विचारलं, "ही तुम्हीच का?"

खोलीत सगळे बाईंकडे बघत होते. जन्मभर त्यांनी अशा शब्दावर काट मारली होती.

"मीच," त्या म्हणाल्या. "गावात मला याच नावाने ओळखतात. आनसुया बाय."

वाट खुली करण्याचा आदेश तिथेच सांगितला गेला. कारकुनाने संगणकावर बोटं ठेवून विचारलं, "आदेशात नाव कसं घालू?"

"रजिस्टरात आहे तसंच घाला," तहसीलदार म्हणाले, "अर्जातलंही कंसात लिहा, म्हणजे पुन्हा कोणाचा वाद नको."

बाहेर व्हरांड्यात अजेय फोनवर कोणावर तरी ओरडत होता. भागोजी टोपी चुरगाळत मागून आला. नोकरीचं काय व्हायचं ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं, पण त्याने विचारलं ते वेगळंच.

"बाय, नाव चुकलं व्हतं का?"

बाईंचा हात सवयीने पिशवीतल्या खडूकडे गेला आणि तिथेच थांबला.

"न्हाय रे," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय."