थोरल्या सरांची अळंबी

एका नव्या अळंबीतून सहायक बाईंना काय मिळणार होतं? कायमची नोकरी. बुरशीच्या प्रयोगशाळेत सात वर्षं त्या हंगामीच होत्या, आणि निवड समितीत शेवटचा शब्द थोरल्या सरांचा. सर निवृत्त झाले होते; रुबाब अजून नोकरीवर होता.

तेव्हा मागच्या आवारातल्या कुजक्या ओंडक्यावर सापडलेल्या अळंबीला बाईंनी सरांचं नाव दिलं. सर इतके खूश झाले, की लेखात आपलं नाव तेवढं नीट छापलंय ना ते बघून, बाकी काही न वाचता त्यांनी होकार दिला.

गोची अशी, की नव्या जातीच्या नावाखाली तिचं वर्णन द्यावं लागतं, आणि शास्त्रात वर्णनाला मुलामा चालत नाही. सत्काराच्या दिवशी सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, चष्मा लावून ते चारचौघांत वाचलं. सकाळी ताठ, दुपारी मान टाकते. आतून पोकळ. वाढते ती दुसऱ्याच्या जिवावर. वास लांबवर जातो. सभागृहात एकदम सगळ्यांनाच खोकला आला.

सरांनी बाईंना कोपऱ्यात घेऊन नाव बदलायला फर्मावलं. पण शास्त्रात एकदा छापलेलं नाव, ते देणाऱ्यालाही बदलता येत नाही. तीच जात आधी कुणी नोंदवलेली निघाली, तरच जुनं नाव टिकतं आणि नवं रद्द होतं. नोकरी गेली, असं त्यांनी धरूनच टाकलं.

"अहो," काकू मागून म्हणाल्या, "हे सगळं मी एकदा टाइप केलंय. तुमच्या पहिल्या पुस्तिकेसाठी."

ती पुस्तिका प्रयोगशाळेतच होती, काचेच्या कपाटात. आदरापोटी ती आजवर कुणी उघडली नव्हती, बाईंनीही नाही. कुलूप काढलं. पान अकरा: तीच अळंबी, तीच पोकळी, तोच वास. नाव मात्र सरांच्या साहेबांचं. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

"त्यांचं नाव का दिलंत, सर?"

सर बराच वेळ पुस्तिकेवरची धूळ झटकत राहिले. "मीही तेव्हा हंगामीच होतो," ते म्हणाले, आणि शिफारसपत्र मागवून त्यावर सही केली.

सरांची अब्रू वाचली, बाई कायम झाल्या, काकूंना वर्षभर पुरेल एवढं हसू मिळालं. भुर्दंड पडला तो साहेबांना. जगबुडीपर्यंत आतून पोकळ राहणार ते तेच. बिचाऱ्यांनी त्या वेळी बहुधा फक्त नावच वाचलं असणार.